द्राक्षांची तपकिरी पाटी

आमच्या आर्कादियातल्या त्रिपोली शहराहून येणाऱ्या रस्त्याला जिथे दोन वाटा फुटतात, तिथे एका सकाळी तपकिरी पाटी उभी राहिली. पाटीवर पांढरा द्राक्षांचा घड, घडाखाली बाण, आणि बाणाचं टोक खाली दरीकडे. वाइन प्यायची असेल तर इकडे जा, एवढंच ती सांगत होती. वरच्या वाटेने, म्हणजे आमच्या कास्तानोखोरीला, कुणी फिरकू नये असं काही तिच्यावर लिहिलेलं नव्हतं. पण आरिस्तिदिसने ते वाचलं, आणि त्या दिवशी तो दुपारचं धड जेवला नाही.

आरिस्तिदिस तसा तडकणारा माणूस नव्हे. सारी नोकरी त्याने टेलिफोनच्या ऑफिसात, तक्रारींच्या खिडकीमागे काढली. फोन बंद पडला म्हणून अंगावर धावून येणाऱ्याला 'चौकशी चालू आहे' असं मऊ आवाजात सांगून घरी पाठवण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या आर्कादियात कुणी नव्हता. पण इथे मामला वडिलांचा होता. म्हातारा आनेस्तिस हयात असताना हीच दरीतली माणसं खेचरं घेऊन वर यायची, त्याची वाइन न्यायला. काढणीच्या दिवसांत गल्लीभर रसाचा असा वास कोंदायचा की शाळेत मास्तरांनी फळ्यावर काय लिहिलं ते कुणाच्या डोक्यात शिरत नसे. संध्याकाळी पोरांचे पाय घासून धुवायचे, एकेकाला बखोटीला धरून दगडी टाकीत सोडायचं, आणि तुडवा म्हणायचं. दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत चिकट पाय आणि मागे गांधीलमाश्यांचा ताफा, अशा थाटात आरिस्तिदिस शाळेत मिरवलेला होता. आणि आता पाटी दरीतल्यांना.

दरीत काय होतं? काचेची एक इमारत. आत लोखंडी टाक्या, दवाखान्यातल्यासारख्या चकचकीत. बसमधून पर्यटक उतरायचे, घोटभर प्यायचे, फोटो काढायचे आणि पुढच्या ठिकाणी जायचे. त्या टाक्यांत कुणाच्या पोराने कधी पाय घातला असेल असं त्यांच्याकडे बघून वाटत नव्हतं.

तरी नुसत्या पाटीचा प्रश्न असता तर आरिस्तिदिसने तो गिळला असता. प्रश्न मळ्याचा होता. वडिलांचा डोंगरावरचा मळा आता तो एकटाच सांभाळायचा. भाऊ मेलबर्नला, मुलगी जर्मनीत, आणि मजूर मिळत नाहीत. वर्षाकाठी दोन-तीन पिंपं वाइन व्हायची, ती आल्यागेल्याच्या पोटात जायची. इकडे सोलर कंपनीचा एक तरुण माणूस इस्टरपासून खेपा घालत होता. दिवसभर ऊन खाणारा तो उतार त्याच्या मनात भरला होता. वेली उपटायच्या, पॅनेलं लावायची, आणि मालकाने घरात पाय पसरून बसायचं, असा त्याचा बेत. आणि आस्पासियाला, म्हणजे आरिस्तिदिसच्या बायकोला, तो बेत पसंत होता.

"पॅनेलांना छाटणी लागत नाही," ती म्हणाली.

"पॅनेलांची वाइनही होत नाही."

"झालेल्या वाइनचं तू काय करतोस? प्रोकोपिसला पाजतोस."

"यंदा जग येणार आहे प्यायला. पर्यटकांना तळघरं दाखवत फिरवतात ना, त्या द्राक्षमार्गावर आपलं तळघर घेणार मी. अशीच पाटी आपल्या वाटेला लागणार."

आस्पासिया भेंड्या चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली. "ठीक आहे. हिवाळ्याच्या आत पाटी लागली, तर मळा तुझा. नाही लागली, तर सोलरवाल्याचा. आणि मग तोंड पाडून बसायचं नाही."

"शब्द दिला," आरिस्तिदिस म्हणाला. टेलिफोन खात्यातल्या माणसाने शब्द दिला की तो पाळायला वेळ लागतो, पण तो पाळतो.

कास्तानोखोरीत कुठलंही काम काढायचं तर आधी प्रोकोपिसच्या कॉफीच्या दुकानात सांगावं लागतं. न सांगता केलेलं काम झालंच नाही असं धरतात. प्रोकोपिस तरुणपणी काही काळ ऑस्ट्रेलियात कपबश्या विसळून आलेला असल्यामुळे परदेशी माणसाच्या मनात काय चालतं हे त्याला ठाऊक असतं.

"स्वच्छता," प्रोकोपिस म्हणाला. "परदेशी माणूस धुळीला मरतो. आधी तळघर पांढरंफेक कर."

आरिस्तिदिसने तळघर झाडलं, धुतलं, चुना मारला. पिंपांवरची पिढीजात धूळ पुसली. आस्पासियाने नको नको म्हणत कोपऱ्याकोपऱ्यातली जाळी काढली. मान अवघडून दोघांना मलम लावून घ्यावं लागलं. प्रोकोपिस बघायला आला आणि दारातच कपाळाला हात लावून उभा राहिला.

"अरे, जाळी कुठे गेली?"

"काढली. तूच म्हणालास, स्वच्छता."

"फरशीची रे. जाळी कशाला काढलीस? परदेशी माणूस जाळी बघायला येतो. जाळं दिसलं की त्याला वाटतं, वाइन जुनी आहे. आता हे डेअरीसारखं दिसतंय."

कोळी बाजारात मिळत नाहीत. मग आरिस्तिदिसने कोळी यावेत म्हणून दोन आठवडे तळघराचं दार उघडं टाकलं. कोळी आले नाहीत. शेजारच्या पोलिक्सेनी आत्याच्या कोंबड्या आल्या. ही आत्या म्हणजे आनेस्तिसची धाकटी बहीण, नव्वदीची, गावात सगळ्यांचीच आत्या. कोंबड्यांना तळघरातला गारवा मानवला आणि त्या पिंपांच्या मागे अंडी घालू लागल्या. आत्याने त्याबद्दल आरिस्तिदिसलाच बोल लावला, की माझ्या कोंबड्या फूस लावून नेतोस.

द्राक्षमार्ग समितीचं ऑफिस त्रिपोलीत, जिना चढून. तिथल्या खिडकीमागे एक पोरगी बसली होती. आरिस्तिदिसने तीन खेपा घातल्या, आणि तिसऱ्या खेपेला पोरीने मऊ आवाजात सांगितलं, "चौकशी चालू आहे, काका." आरिस्तिदिस जिन्यावर थोडा वेळ कठडा धरून उभा राहिला. आपण आयुष्यभर लोकांना काय म्हणत आलो, ते समोरून ऐकायला कसं वाटतं, हे त्याला त्या दिवशी समजलं. तरी पोरगी काम बरं करते, हेही त्याच्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

समितीच्या अटी म्हणजे, तळघर बांधल्याचा परवाना हवा. तळघर आजोबांनी बांधलं, आणि त्यांनी परवानगी घेतली असलीच तर आजीची. आगीच्या बंबवाल्यांचा दाखला हवा. बंबवाला अधिकारी येऊन दाराकडे बघत म्हणाला, "आग लागली तर माणसं कुठून बाहेर पडणार?" आरिस्तिदिस म्हणाला, "साहेब, इथे सगळं ओलं आहे, आग लागेल कशाला?" हे उत्तर चालत नाही असं कळलं. मग मागची खिडकी मोठी करून तिला दार म्हणायचं ठरलं. शिवाय पाहुण्यांसाठी संडास हवा. आणि सगळ्यात शेवटी एक अट होती, की पाहुण्यांना चव घेऊन वाइन थुंकण्यासाठी भांडं ठेवावं. ती आरिस्तिदिसने चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि घरी कुणाला सांगितली नाही.

संडास म्हटला की पाइप आला, आणि पाइप म्हटला की खड्डा. आमच्या देशात खड्डा खणायला छाती लागते. कुदळ मारावी आणि खाली कुणातरी प्राचीन माणसाचं घर निघावं, की तुमचं घर गेलंच समजा. आरिस्तिदिसची कुदळ तळघराच्या भिंतीलगत खणकन वाजली. माती बाजूला केली तर घडीव दगडाची सरळ कड.

"झाक," प्रोकोपिस म्हणाला.

"काय झाक?"

"दगड झाक. वर माती लोट, मातीत लिंबू लाव. पुरातत्त्ववाले आले तर तुझं घर, तळघर, ही आत्या, सगळ्यांना दोरी बांधून फलक लावतील. पुढची वीस वर्षं ब्रशने झाडत बसतील."

"मला कशाला दोरी?" पोलिक्सेनी आत्या कुंपणापलीकडून म्हणाली. "मी काय केलं?"

दगडावर ताडपत्री पडली आणि गुपित राखायचं ठरलं. गावातल्या प्रत्येकाने ते इतकं मनापासून राखलं की आठवडा उलटायच्या आत त्रिपोलीहून पुरातत्त्व खात्याची मुलगी ब्रश घेऊन हजर झाली. तिने ताडपत्री दूर केली आणि गुडघे टेकून झाडायला लागली. सारा गाव गोल करून उभा. प्रोकोपिस हळूच पुटपुटला, देऊळ असणार. आरिस्तिदिसच्या डोळ्यांसमोर दोरी आली, फलक आला, मळ्यावर पॅनेलं आली.

मुलीने फुंकर मारली. "अक्षरं आहेत," ती म्हणाली. मग वाकून बघितलं. "आणि खाली एक... कोंबडा आहे."

"बघू," म्हणत पोलिक्सेनी आत्या काठी टेकत पुढे आली. बराच वेळ बघत राहिली. "अक्षरं बाबांच्या नावाची. हा कोंबडा मी कोरला. खिळ्याने. या कोंबड्यापायी मी बाबांचा मार खाल्लाय. अरे आरिस्ती, ही तर आपली टाकी."

ती टाकीच होती. आजोबांनी घडवलेली, आणि पुढे आनेस्तिसने ज्यात आपली नि दुसऱ्यांची पोरं सोडली ती. आरिस्तिदिसला वाटत होतं की वडिलांनी ती फोडून कुंपणाला लावली. तो तेव्हा त्रिपोलीत खिडकीमागे बसलेला, विचारायचं राहून गेलं. आत्याने सांगितलं की ज्या साली तुडवायला गावात एकही पोर उरलं नाही, त्या साली आनेस्तिसने टाकीत माती भरली आणि वरून सपाट केलं. रिकामी टाकी रोज बघवत नाही म्हणाला.

पुरातत्त्वाची मुलगी जरा हिरमुसली, पण आत्याने दिलेला अक्रोडाचा मुरांबा खाऊन सावरली आणि गेली. लोक पांगले. आरिस्तिदिसने टाकीतली माती पार तळापर्यंत काढली आणि मग बूट काढून आत जाऊन बसला. दगड गार होता. रस वाहून जायचं भोक कुठे असेल ते त्याचा पाय न बघता शोधू शकला. आईचे खरखरीत हात, पायाच्या बोटांच्या बेचक्यांतून फिरणारे, त्याला आठवले. रस आटवून ती पीठ घालून दालचिनीची घट्ट खीर करायची, आणि पातेलं खरवडायला कुणाची पाळी यावरून भावाभावांत मारामाऱ्या व्हायच्या. तो भाऊ आता मेलबर्नला गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल फोन करतो. आरिस्तिदिसला एकाएकी फार एकटं वाटलं.

"संडासाचा पाइप आता कुठून नेणार?" आस्पासियाने दारातून विचारलं.

"इथून नाही," तो म्हणाला. संडास शेवटी आत्याच्या खुराड्याला टेकून बांधला.

तपासणीची तारीख आली ती नेमकी नोव्हेंबरातल्या आय-योर्गिसची, म्हणजे संत योर्गिसच्या सणाची. वसंतातला योर्गिस वेगळा. हा नोव्हेंबरातला, ज्याला आमच्याकडे झिंगवणारा योर्गिस म्हणतात, त्याच्या दिवशी पाद्री येऊन पिंपांवर पाणी शिंपडतो आणि नवी वाइन पहिल्यांदा उघडतात. त्या दिवशी कुणाला बोलावणं नसतं, सगळेच येतात. अथेन्सला गेलेलेही येतात. आणि गल्लीतून चाललेल्या अनोळखी माणसाला काही न देता दारावरून जाऊ देणं हे त्या दिवशी घरावर डाग लावून घेण्यासारखं असतं. तारीख बदलून मागावी असं आरिस्तिदिसला वाटलं होतं. पण खिडकीमागची ती पोरगी 'चौकशी करते' म्हणाली असती, आणि त्याचा अर्थ त्याच्याइतका कुणाला कळणार?

तेव्हा तो घरोघर फिरला. "एवढा एक दिवस मला सांभाळून घ्या. समितीची माणसं सरळ तळघरात येऊ द्या. कुणी अडवू नका."

"छे, आम्ही कशाला अडवू?" सगळे म्हणाले.

सकाळी चौकात गाडी उभी राहिली. समितीच्या कालिरोईबाई उतरल्या, हसऱ्या, हातात फाइल. त्यांच्याबरोबर वाइन पारखणारे लाझारिदिस, उंच आणि किडकिडीत. स्वतःचं नाक ते असं जपून वागवत की जणू ते कुणीतरी विश्वासाने सांभाळायला दिलंय. चौकापासून तळघर काही लांब नाही. टाय घालून दारात उभ्या असलेल्या आरिस्तिदिसला दोघं स्पष्ट दिसत होती. ती पहिल्या घरात शिरलेली दिसली. बाहेर आलेली दिसली, आणि समोरच्या घरात शिरली. मग प्रोकोपिसच्या दुकानात गेली ती दिसेनाशीच झाली. धावत जाऊन आरिस्तिदिस बघतो तर लाझारिदिसांच्या पुढ्यात भाजलेले चेस्टनट, बकरीचं चीज, सॉसेज आणि घरी काढलेली कडक दारू.

"अडवलं नाही हं मी," प्रोकोपिस म्हणाला. "त्यांनी खुर्ची पाहिली आणि बसले."

"मी कामावर असताना पीत नाही," लाझारिदिस केविलवाण्या आवाजात सांगत होते.

"मग हे काम संपल्यावर आलंय असं समजा," प्रोकोपिसच्या बायकोने सांगितलं आणि पेला भरला.

दुपार कलल्यावर मंडळी तळघरात पोचली. कालिरोईबाईंच्या एका हातात मुरांब्याची बरणी, दुसऱ्या हातात ओरेगानोची जुडी, आणि फाइल काखेत. मागे अख्खी गल्ली. अथेन्सहून आलेली लेकरं टाकीत उतरून ओरडत होती. तळघर इतकं भरलं की बंबवाल्याने पाहिलं असतं तर दाखला परत नेला असता.

आरिस्तिदिसने पिंपाची तोटी फिरवली. पेल्यात फिकट, किंचित गुलाबी झाक असलेली वाइन उतरली. लाझारिदिसांनी पेला उजेडात धरला, गरागरा फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले. मग घोट घेऊन गालांतून असा खळाखळा फिरवला की आस्पासियाला वाटलं त्यांचा दात दुखतोय. आणि मग वाकून त्यांनी तो कोपऱ्यातल्या तांब्याच्या पातेल्यात थुंकून टाकला.

पातेलं आरिस्तिदिसनेच ठेवलेलं होतं. अट त्यानेच वाचलेली होती. तरी त्याचं रक्त उकळलं. आपल्या बापाच्या वेलींची वाइन, बापाच्या तळघरात, गावादेखत थुंकली. पाटी गेली चुलीत, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. एवढ्यात पोलिक्सेनी आत्या काठी आपटत पुढे सरसावली.

"शाबास," ती लाझारिदिसांना म्हणाली. "याला म्हणतात वळण. कुणाचा रे तू?"

लाझारिदिस गोंधळून तिच्याकडे बघत राहिले. इथे सांगायला हवं की आमच्याकडे चांगल्या गोष्टीचं कौतुक केलं की तीनदा थू थू करतात, दृष्ट लागू नये म्हणून. बाळ गोरंगोमटं दिसलं, नवी गाडी आली, नवरी सुंदर दिसली, सगळ्यांवर थू थू. ती नुसती तोंडाने, कोरडी. पण हा शहरातला शिकलेला माणूस, आणि त्याने तोंडभर थुंकून दृष्ट काढली, याने आत्याला भरून आलं. तिने स्वतः पिंपाकडे बघून तीनदा थू थू केलं. तिच्या मागोमाग गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी केलं. अथेन्सच्या लेकरांना हे फारच आवडलं आणि त्यांची थू थू कोरडी राहिली नाही.

लाझारिदिसांनी दुसरा पेला घेतला. या वेळी घोट तोंडात फिरवताना ते मध्येच थांबले. मग कुणाला काही कळायच्या आत त्यांनी तो गिळला.

"गुलाबाचा वास आहे," ते हळूच म्हणाले. "आणि त्याच्या मागे... असं काही मी पुष्कळ वर्षांत प्यायलो नाही. फार सुंदर आहे."

"थुंक," आत्या ओरडली.

"काय?"

"एवढं कौतुक करतोस आणि थुंकत नाहीस? अख्खं पिंप नासवशील. थुंक आधी."

"पण मी गिळली, आजी."

"मग कोरडी थुंक. आई नव्हती का तुला शिकवायला?"

लाझारिदिसांचं नाक लाल झालं. "आजी होती," ते म्हणाले. "मी शाळेत पहिला आलो की दारातच करायची. मित्रांसमोर लाज वाटायची मला." आणि त्यांनी पिंपासमोर उभं राहून, टाय नीट करून, तीनदा कोरडं थू थू केलं. आत्याने त्यांना हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. त्यानंतर त्यांनी पातेल्याकडे पाहिलंसुद्धा नाही. संध्याकाळी ते टाकीच्या कडेवर बसून आत्याबरोबर एक लग्नातलं गाणं म्हणत होते, आणि त्यांना ते येत होतं.

कालिरोईबाई आरिस्तिदिसला बाजूला घेऊन गेल्या. त्यांचा आवाज मऊ होता. मऊ आवाज म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होतं.

"वाइन उत्तम आहे. तळघर उत्तम. पण पाटी नाही देता येणार हो मला."

"संडासामुळे?"

"संडासात कोंबडी माझ्या आधी गेली होती. मी थांबले. ते चाललं असतं. पण आमच्या बसगाड्यांना पुढची ठिकाणं गाठायची असतात. भेट वेळेत संपायला हवी, ही पहिली अट. तुमच्याकडे माणूस येऊ शकतो, आरिस्तिदिस. जाऊ शकत नाही." त्यांनी गाण्याच्या दिशेने पाहिलं. "आता यांना मी त्रिपोलीला कशी नेऊ?"

सोलरवाला पुढच्या आठवड्यात यायचा होता. ते सगळे दिवस आरिस्तिदिस तोंड पाडून बसला नाही, कारण तसा शब्द दिला होता. मात्र तो मळ्याकडे गेलाही नाही. त्या सकाळी त्याने तोच टाय घातला, टेबलावर पेन ठेवलं आणि सरळ बसून राहिला. तरुण माणूस आला, कागद काढले, हवापाण्याचं बोलला. आस्पासियाने कॉफी आणून ठेवली.

"मळा द्यायचा नाही," ती म्हणाली.

आरिस्तिदिसला वाटलं, आपल्याला चुकीचं ऐकू आलं. "अगं, पण मी हरलो."

"हरलास ते कळलं मला. मी होते तिथे."

"मी शब्द दिला होता."

"तू दिलास. मी कुठे दिला?" ती सोलरवाल्याकडे वळली. "बाळा, कॉफी घे, गार होईल. तुझा काही दोष नाही." मग खुर्ची ओढून ती नवऱ्यासमोर बसली. "मला पॅनेलं कधी हवी होती रे? तुझे वडील छाटणीला एकटे वर गेले, आणि दुपारभर वेलीखाली पडून राहिले. कुणाला कळलं नाही. आता दर वर्षी तू जातोस, त्याच वेलींत, एकटा. तिथे फोन लागत नाही. टेलिफोनवाल्याच्या बायकोला नवरा जिवंत आहे का ते विचारता येत नाही. तू वळणावर दिसेपर्यंत मी खिडकीतून हलत नाही. पॅनेलांखाली कुणी मरून पडत नाही, एवढंच मला हवं होतं."

आरिस्तिदिसने टेबलावरचं पेन उचलून खिशात घातलं. सोलरवाल्याने कागद हळूच पिशवीत ठेवले.

"मग आता?" आरिस्तिदिसने विचारलं.

"आता काय. त्या दिवशी गल्लीत माणसं पाहिली मी. इतकी आहेत हे विसरलेच होते. घरोघर जाऊन सांगून आले, छाटणीला यायचं म्हणून. मीपण येणार आहे. तो नाकवाला साहेबही येतो म्हणाला. आणि आला तर जाणार नाही, हे तर आता समितीनेच लिहून ठेवलंय."

सोलरवाल्याने विचारलं की ती वाइन थोडी मिळेल का. तो जेवूनच गेला.

छाटणीच्या दिवशी वर थंडी होती आणि ऊन स्वच्छ होतं. प्रोकोपिस गाडीत पोलिक्सेनी आत्याला खुर्चीसकट घालून घेऊन आला. ऑस्ट्रेलियात वेली कशा छाटतात ते तो सांगत सुटला, आणि आत्या बसल्या जागेवरून काठीने दाखवत त्याचं सगळं चूक ठरवत होती. लाझारिदिस शहरी बूट घालून आले होते आणि त्यांनी पहिल्याच ओळीत यंदा फळ धरणारी चांगली काडी छाटून टाकली. आरिस्तिदिस ओरडला, तर सगळे त्यालाच ओरडले, की पाहुण्याला कुणी असं बोलतं का. पोरवयापासून या मळ्यात राबलेल्या माणसाला त्याच्याच मळ्यात कुणी विचारेना. त्याच्या मनाला ते फार लागलं. तो कात्री घेऊन सगळ्यांपासून लांब, वरच्या शेवटच्या ओळीला गेला, जिथे वडील सापडले होते, आणि तिथे एकटाच छाटू लागला.

"आरिस्ती?" खालून आस्पासियाची हाक आली.

तो रागात होता. उत्तर द्यायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. "आहे," तो म्हणाला.

थोडं काम झालं की पुन्हा हाक यायची, आणि तो वेलींआडून ओरडायचा, आहे. प्रोकोपिस तिची नक्कल करायला लागला, मग आत्याही. दिवस मावळेपर्यंत अख्खा मळा त्याला हाका मारत होता, आणि तो दर वेळी वैतागून ओ देत होता.